डब्ल्यू-४ मधला तो एक चौकोन

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मध्ये एका वाचकाचं पत्र आलं होतं, अमेरिकेत टॅक्सचा रिफंड कसा घसघशीत आला आणि त्यातून इंडिया ट्रिपची तिकिटं कशी काढली वगैरे. वाचून हसू आलं आणि खरं सांगायचं तर जळफळाटही झाला, कारण आमच्या घरी बरोबर उलटं झालं होतं. आणि अहो, रिफंड म्हणजे काही बक्षीस नाही, वर्षभर जास्तीचे कापून घेतलेले आपलेच पैसे बिनव्याजी परत येतात, त्यात कौतुक कसलं.

आमची गोष्ट सांगते. मी, नवरा आणि दोन शाळेतली मुलं, न्यू जर्सीत राहतो. गॅपनंतर २०२४ च्या जानेवारीत मला नोकरी लागली, पगार नवऱ्याइतकाच, ९० हजार डॉलर. पहिल्या दिवशी फॉर्मांचा ढीग, त्यातच डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून फेडरल टॅक्स किती कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म. एचआरच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या मॅरिड ना, मग मॅरिडवर टिक करा, मुलं असतील तर तिसऱ्या स्टेपमध्ये दोघांचे मिळून ४००० लिहा, तेवढा टॅक्स कमी कापतात, झालं. केलं तसं. नवऱ्याच्या फॉर्मवर मुलं आधीपासून होतीच, ती माझ्यावरही आली. दोन आठवड्यांचा पहिला पेचेक आला तर फेडरल टॅक्स फक्त ११० डॉलरच्या आसपास, मी खूश, म्हटलं काय मस्त देश आहे.

एप्रिलमध्ये रिटर्न भरायला बसलो आणि सॉफ्टवेअरने आकडा दाखवला, भरायचे बाकी १३,६१८ डॉलर. नवरा म्हणाला काहीतरी टाईप करताना चुकलं असेल, दोनदा सगळं परत टाकलं. तोच आकडा.

गोम अशी आहे की माझ्या कंपनीला नवऱ्याचा पगार माहीत नसतो आणि त्याच्या कंपनीला माझा. त्यामुळे दोन्ही पेरोल आपापल्या परीने समजतात की हे घर या एकाच पगारावर चालतं, आणि दोघंही अख्खं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे टॅक्स न लागणारी ठरलेली रक्कम (२०२४ मध्ये २९,२००), देऊन उरलेल्या पैशाला १० आणि १२ टक्क्यांचे स्लॅब लावून मोकळे होतात. रिटर्नमध्ये मात्र दोन पगार एकत्र येतात, डिडक्शन एकदाच मिळतं आणि वरचे साडेछप्पन्न हजार थेट २२ टक्क्यात जातात. नुसत्या यातच साडेनऊ हजारांचा खड्डा, वर मुलांचे ४००० दोनदा लिहिले ते वेगळेच.

दुसऱ्या स्टेपमध्ये एक छोटा चौकोन असतो, दोन नोकऱ्या असतील तर टिक करा असा. दोघांनी आपापल्या फॉर्मवर तो टिक केला आणि मुलं एकाच्याच फॉर्मवर लिहिली, ती पण जास्त पगारवाल्याच्या, तर आमच्यासारख्या सारख्या पगारांचा हिशोब जवळपास जुळतो. पगारात खूप फरक असेल तर मात्र या टिकने जरा जास्तच कापतात, तेव्हा आयआरएसच्या, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याच्या साईटवरचं विदहोल्डिंग एस्टिमेटर (पगारातून किती कापायला हवं ते काढून देणारं) वापरा, दोघांच्या पगाराच्या स्लिपा समोर ठेवून अर्धा तास लागतो, आणि जो आकडा येईल तो चौथ्या स्टेपच्या एक्स्ट्रा विदहोल्डिंगमध्ये, म्हणजे जादा कपातीच्या रकान्यात टाका. ऑफिसला जोडीदाराच्या नोकरीबद्दल कळू नये असं वाटत असेल तरी हाच मार्ग बरा.

वर्षभरात टॅक्स कमी भरल्याच्या पेनल्टीतून आम्ही वाचलो ते निव्वळ नशिबाने, आधीच्या वर्षी एकच पगार होता, टॅक्स कमी होता, आणि त्या टॅक्सपेक्षा जास्त रक्कम २०२४ मध्ये कापली गेली होती म्हणून नियमात बसलो. पुढच्या वर्षी हे चाललं नसतं.

अजून एक, इकडे आपल्या लोकांकडे इंडियात एनआरई एफडी, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या मुदत ठेवी, असतातच. त्या व्याजावर तिकडे टॅक्स नाही म्हणून सगळे निर्धास्त, पण अमेरिकेत तो भरावा लागतो आणि त्यातून इथे कोणी आधी काही कापत नाही, तेही या फॉर्मवर धरावं लागतं. आणि मुलगा वर्षअखेरीपर्यंत १७ चा झाला की त्याच्यामागे मिळणारी टॅक्स सूट (२०२४ मध्ये २०००) थेट ५०० वर येते, हे तर बऱ्याच आईबापांच्या लक्षातच येत नाही. राज्याचा फॉर्म वेगळा असतो, त्यात मी शिरत नाही, आधीच डोकं उठलंय.

डब्ल्यू-४ वर्षात कधीही बदलता येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चूक लक्षात आली तरी उरलेल्या पेचेकमधून जास्त कापून घ्या, कारण पगारातून कापलेला टॅक्स वर्षभर सारखा भरला असंच धरतात, उशिरा कापला म्हणून पेनल्टी लागत नाही. आम्ही दोघांनी नवीन फॉर्म दिले, आता पेचेक बघून नवरा दर पंधरा दिवसांनी तोंड पाडून बसतो.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी