करंट कुठून आणलास?

प्रिय ताई,

पोस्टडॉक संपवून तू भारतात परत निघालीस त्या दिवशी मी प्रयोगशाळेत बीमवर, म्हणजे वेगवान कणांच्या झोतावर, कामाला होतो, तुला विमानतळावर सोडायलाही येता आलं नाही. तेव्हा राहून गेलेलं आज सगळ्यांसमोर लिहितो.

रिकॉइल सेपरेटर म्हणजे चुंबकांची लांबलचक रांग, एवढंच मला ठाऊक होतं. खरी अडचण, म्हणजे बीममधून नवा कण वेगळा काढणं, तू फळ्यावर दाखवलीस. कार्बन-12 च्या बीमने हेलियम गिळला की ऑक्सिजन-16 होतो, आणि तो बीमच्याच दिशेने, जवळपास तेवढ्याच संवेगाने निघतो. विद्युतभार सारखा असेल तर नुसत्या चुंबकाला दोघांतला फरक कळतच नाही. पण ऑक्सिजनचा वेग पाऊणपट, म्हणून वेगावरून कण निवडणारा वीन फिल्टर. लाखो कोटी कार्बनमागे एखादाच ऑक्सिजन, आणि ताऱ्यांच्या पोटात कार्बन किती उरतो, ऑक्सिजन किती होतो, ते त्या एकावरून मोजायचं!

त्यात गॅमा किरण सोडताना बसणाऱ्या धक्क्याने ऑक्सिजन शंकूसारखे पसरतात. तू अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या सेंट जॉर्ज या सेपरेटरचा आराखडा समोर ठेवलास: कोनात ±40 मिलिरेडियन आणि ऊर्जेत ±7.5% पसरलेले कणही तो आत घेतो. म्हणालीस, "मधला किरण कोणाच्याही यंत्रातून जातो. कडेचा जातो का ते बघ." कडेचे कण गुपचूप भिंतीला लागले तर उत्तर चुकतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

आणि ती रात्र. बीम जिथे पडतो त्या क्वार्ट्झच्या तुकड्यावरचा निळसर ठिपका आदल्या दिवशी मधोमध होता. चुंबकांना करंटचे तेच आकडे देऊनही आता डावीकडे सरकलेला. तीन तास मी अलाइनमेंटवर संशय घेत बसलो. तू आलीस, स्क्रीन पाहिलास आणि एवढंच विचारलंस, "करंट कुठून आणलास, वरून की खालून?" वरून उतरवला होता. लोखंडात आधीचं चुंबकत्व उरलं होतं. करंट तोच, क्षेत्र वेगळं. मग एकेक चुंबक पूर्ण वर नेऊन, खाली आणून, पुन्हा खालून चढवत आपण सगळी रांग फिरवली. ठिपका जागेवर आला तेव्हा उजाडलं होतं. तुझी शिफ्टसुद्धा नव्हती, ताई. कॉफीचा थर्मास मात्र तू दोघांपुरता आणला होतास.

आता प्रयोगाच्या नोंदींच्या कागदावर, रनशीटवर, मी एक रकाना वाढवलाय: "वरून / खालून". नवीन मुलं का म्हणून विचारतात, तेव्हा त्या रात्रीचं सांगतो.

पुढच्या महिन्यात हेलियमचं जेट, म्हणजे बीमच्या वाटेतला हेलियमचा फवारा, सुरू होतंय. पहिला स्पेक्ट्रम आला की आधी तुला पाठवतो.

तुझाच,
धाकटा भाऊ