विषय: 'जागा तीच, चव तीच' ही जाहिरात, कांद्याचं सूप आणि 420 रुपयांचा परतावा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

कांदेनवमी म्हणजे काय हे तुमच्या मुख्य कार्यालयात कुणाला माहीत असेल की नाही, शंका आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आषाढ शुद्ध नवमी. दोन दिवसांनी एकादशी, मग चातुर्मास, आणि तो पाळणाऱ्या घरात थेट कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. म्हणून नवमीला भजी, थालीपीठ, भरले कांदे, जे काय खायचं ते खाऊन घ्यायचं. आम्ही तिघी मैत्रिणी ही नवमी बरीच वर्षं कोरेगाव पार्कातल्या वडाच्या झाडांखालच्या त्या फ्रेंच रेस्टॉरंटात साजरी करत आलो. भज्यांऐवजी कांद्याचं सूप. मालक फ्रान्समधल्या ल्यों शहराचा, बायको पुण्याची. पहिल्या वर्षी त्याला ही नवमीची भानगड समजावून सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला होता. पुढे दर जूनमध्ये तोच विचारायचा, यंदा तुमची नवमी केव्हा?

आता ते दोघं थकले, भाडंही झेपेना, त्यांनी दुकान आवरलं. याबद्दल माझी तुमच्याकडे काहीच तक्रार नाही. रिकाम्या जागेत तुम्ही आलात, तेही रीतसर. तुम्ही तिथे मिसळ विकली असतीत तर मी आनंदाने खाल्ली असती. पण तुम्ही दारावर हातभर फलक लावलात, 'जागा तीच, चव तीच'. आम्ही गेलो ते त्या चार शब्दांवर विसंबून.

आधी जे चांगलं आहे ते सांगते. जिन्याला तुम्ही कठडा बसवलात. तो आधी नव्हता आणि आमच्या वयाला फार गरजेचा होता. स्वच्छतागृह स्वच्छ. वाढणारी मुलं अदबशीर, त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही, आणि या पत्रापायी त्यांच्यातल्या कुणाचा पगार कापला गेला तर मला ते अजिबात आवडणार नाही.

आता सूप. मेनूकार्ड नव्हतंच, टेबलावर चिकटवलेला चौकोन फोनने टिपायचा. आमच्यातल्या एकीचा मोतीबिंदू नुकताच काढलाय, तिला छापील कार्ड हवं होतं. 'मॅम, आम्ही पेपरलेस आहोत.' शेवटी मीच फोन धरून तिला सगळा मेनू वाचून दाखवला, तोही ओरडून, कारण गाणी इतक्या मोठ्याने लावली होती की शेजारच्या खुर्चीतलं बोलणं कळेना. मेनूत 'पॅरिस स्टाइल फ्रेंच अनियन सूप' होतं, 540 रुपये. तिघींनी तेच मागवलं.

सहा मिनिटांत आलं. कांदा आधी परतून ठेवता येतो, एवढं मलाही कळतं. पण या सुपात परतलेला कांदा नव्हताच. पांढरट, चमच्याला चिकटणारं, कॉर्नफ्लोअर लावून घट्ट केलेलं पाणी, वर बिर्याणीवर घालतात तसा कुरकुरीत तळलेला कांदा, आणि प्रोसेस्ड चीजचा एक त्रिकोण, अर्धा विरघळलेला, अर्धा तसाच. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. चातुर्मास पाळणारी मैत्रीण म्हणाली, 'अगं, हा माझा चार महिन्यांचा शेवटचा कांदा.' तिने वरचा तळलेला कांदा तेवढा वेचून खाल्ला आणि वाटी बाजूला सारली.

हे सूप कसं होतं हे तुमच्या शेफना ठाऊक असणारच, पण मेनू लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. उभा चिरलेला कांदा लोण्यात मंद आचेवर पाऊण तास, तास, अगदी तपकिरी होईतो हलवत बसायचं. त्याच्यातली साखर बाहेर पडून करपायच्या बेतात आली की स्टॉक. वर पावाची जाड चकती, तिच्यावर ग्रुयेर किंवा कोंते चीज किसून, आणि भांड्यासकट ग्रिलखाली. हे काही बड्या लोकांचं खाणं नव्हे. पॅरिसच्या ले आल बाजारात रात्रभर ओझी वाहणारी माणसं पहाटे हेच पीत. 1969 मध्ये तो बाजार शहराबाहेर रँजीसला हलवला. ल्योंकर मालक शाकाहाऱ्यांसाठी हाडांऐवजी मश्रूमचा स्टॉक वेगळा करून ठेवायचा आणि कुठलं भांडं कुणाचं हे स्वतः येऊन सांगायचा. आणि गंमत म्हणजे 'रेस्टॉरंट' हा शब्दच मुळात सुपाचा. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये थकल्याभागल्यांना तरतरी आणणारं जे कढण विकत, त्याला हे नाव होतं. दुकानाला ते नंतर चिकटलं. सूप धड नसलेल्या जागेला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

रातातुईबद्दल फार लिहीत नाही. नीसकडची ती साधी भाजी, वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी. तिच्यात पनीर आणि वरून मेयोनीज का, हे विचारलं तर 'पब्लिक डिमांड' असं उत्तर मिळालं. कीश बरा होता.

क्रेम ब्रुले या गोड पदार्थावर मात्र लिहिणं भाग आहे, कारण तिथे माझा स्वतःचा संबंध येतो. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं. मुलांना अक्षरांवरची चिन्हं शिकवायला मला याच पदार्थाचा उपयोग व्हायचा, दोन शब्दांत तीन चिन्हं येतात. पहिल्या शब्दातल्या 'ई'वर खाली उतरणारी रेघ, दुसऱ्यातल्या 'यू'वर टोपी, आणि शेवटच्या दोन 'ई'पैकी पहिलीवर वर चढणारी रेघ. टोपी म्हणजे तिथे जुन्या फ्रेंचमध्ये एक 'एस' होता, तो गळून गेला, त्याची खूण. जुन्या रेस्टॉरंटात दारापाशी मोठी काळी पाटी असे. रोजचे पदार्थ खडूने लिहिलेले, बहुतेक वेळा पुण्याच्या वेटरच्या हातचे, त्यामुळे चुका ठरलेल्या. मी गेले की मालक गल्ल्यातून खडूचा तुकडा काढून माझ्या हातात द्यायचा. मी टोप्या घालायची, रेघा सुलट करायची, मग जेवायला बसायची.

ती पाटी तुम्ही ठेवली आहे, हे पाहून आत शिरताना खरंच बरं वाटलं होतं. क्रेमची रेघ उलटी, ब्रुलेची टोपी गायब. सवयीने मी एका मुलाकडे खडू मागितला. तो बिचारा ओशाळून म्हणाला, 'मॅम, ते पेंट आहे. पुसलं जात नाही.'

आणि पदार्थ? त्यात अंडंच नव्हतं. कस्टर्ड पावडरीचं गार कस्टर्ड, वर पाकाचा ओघळ, बाजूला चॉकलेट सॉसची नक्षी. जिथे साखर जाळून काचेसारखा पापुद्रा हवा आणि चमचा मारला की टक् असा आवाज यायला हवा, तिथे चमचा नुसता रुतला. अंडं न खाणाऱ्यांसाठी कस्टर्ड जरूर करा, पण त्याला कस्टर्ड म्हणा.

तक्रार केल्यावर व्यवस्थापकांनी तिघींना फुकट मॉकटेल देऊ केलं. नको म्हटलं. मग बिल आलं. पदार्थ आणि न मागता फोडलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या मिळून 4000 रुपये, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 400, आणि 4400 वर 5 टक्के जीएसटी 220. एकूण 4620. सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला तर 'कंपनी पॉलिसी' हे उत्तर मिळालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. तुमची पॉलिसी त्याच्या आधीची असेल तर बदलून घ्या. बाहेर पाऊस कोसळत होता, रिक्षा थांबली होती, म्हणून पैसे भरून निघालो. बख्शीस मी त्या मुलाच्या हातात वेगळी दिली.

तेव्हा ते 400 रुपये आणि त्यांच्यावरचा 20 रुपये जीएसटी परत करावा. बेरीज 420 होते, त्याला माझा इलाज नाही, आकडा तुमच्याच यंत्रातून निघालेला आहे. पंधरा दिवसांत पैसे न आल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. दारावरच्या फलकातले 'चव तीच' हे दोन शब्द काढावेत. 'जागा तीच' राहू द्या, ते खरं आहे. सुपाचं नाव बदलावं. मागणाऱ्याला छापील मेनूकार्ड द्यावं, चार प्रती काढल्यात तरी पुरतील.

पाटी पुन्हा रंगवायला घ्याल तेव्हा रंगाऱ्यासाठी सोबतचा दुसरा कागद उपयोगी पडेल.

कळावे,
एक जुनी ग्राहक, पुणे

सोबत:
1) बिलाची झेरॉक्स
2) पाटीचा फोटो, चुका लाल शाईने दुरुस्त करून