जुने कॅमेरे भंगारात घालू नका

सर, भद्रकालीत आमचा फोटो स्टुडिओ वडिलांच्या वेळेपासूनचा, आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवरच चालतो, पण डार्करूममधला (फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीतला) लाल बल्ब, हायपोचे म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचे ट्रे, निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचा एन्लार्जर आणि वडिलांचा याशिका कॅमेरा मी अजून जपून ठेवलाय. त्यातल्या १२० नंबरच्या फिल्म रोलवर १२च फोटो निघायचे, त्यामुळे माणसं कशी नटूनथटून, श्वास रोखून बसायची! मागच्या महिन्यात एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह भंगारवाल्याकडे दिसल्या, किलोवर चाललेल्या, पोटात कालवलं, होत्या तेवढ्या घेऊन आलो. १८७० साली त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळकेंनीही सिनेमाआधी फोटोग्राफीच केली होती ना, मग पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात एक खोली या वस्तूंना द्या, माझा एन्लार्जर मी स्वतः आणून देतो.

– एक फोटोग्राफर, नाशिक