वजन वाढतंय, पण उंची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात ७ वर्षांची. वर्षभरात तिचं वजन ५ किलोंनी वाढलं, तेव्हा आम्ही तिचा भात, तूप, गूळपोळी बंद केली. पोर अर्धपोटी झोपायची. ते आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

दर पाडव्याला आम्ही दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीची खूण करतो. यंदाची खूण मागच्या खुणेच्या जेमतेम बोटभर वर होती. या वयात मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतं, आणि नुसत्या खाण्यानं जाड झालेली मुलं सहसा उंचीत मागे पडत नाहीत. बालरोगतज्ज्ञांनी हे ऐकताच रक्ताची टीएसएच, म्हणजे थायरॉईडची, तपासणी सांगितली. थायरॉईड (गळ्यातल्या ग्रंथीतलं, वाढीला लागणारं संप्रेरक) कमी निघालं. बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, उन्हाळ्यातही अंगावर चादर, सगळ्याचा उलगडा झाला. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी.

बहुतेक जाड मुलांत असा आजार नसतो, हे मान्य. पण दीर्घकाळ पोटात घेतलेल्या स्टेरॉइडनंही वजन वाढतं, चेहरा गोल होतो, उंची खुंटते. (ते औषध मात्र आपल्या मनानं एकदम बंद करू नये.) शाळेतल्या आरोग्य तपासणीत वजनाशेजारी मागच्या वर्षीची उंचीही लिहावी, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, सातारा