दोघांनी वेगवेगळं लिहा

कार्डिफ, वेल्स
15 जून 2025

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. खोकला गेला. सुंठ संपली, मेतकूट पुरवून पुरवून खाते आहे. रोज व्हिडिओ कॉल होत असताना पत्र कशाला, असं पिंट्या म्हणेल. त्याला सांगा, कॉलवर आपलं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘पाऊस आहे का’ यापुढं सरकत नाही. त्यात बाबा बोलतात आणि आई मागून मान हलवते. या वेळी जरा लांबचं आणि सरळ बोलायचं आहे. पत्र वाईला पोचेपर्यंत पालखी लोणंद-फलटणच्या बाजूला आलेली असेल आणि बाबा एसटीच्या जादा गाड्यांवर असतील. तेव्हा बाबांची वाट न बघता आधी आईनंच वाचावं.

माझा प्रश्न नोकरीचा आहे. पण त्याआधी हे-ऑन-वायला जाऊन आले ते सांगते, नाहीतर प्रश्न माझ्या डोक्यात कुठून आला ते कळायचं नाही. भिलारला पुस्तकांचं गाव करताना ज्या गावाचा कित्ता गिरवला, तेच हे. कार्डिफहून ब्रेकनमार्गे बसनं गेले. रेल्वे तिथं जात नाही, होती ती 1962 साली बंद केली. गाव वेल्स आणि इंग्लंडच्या हद्दीवर, वाय नदीच्या काठाला. (बाबा, हा विनोद तुम्ही करणार हे मला माहीत आहे, तेव्हा मी करत नाही.) वस्ती आपल्या एखाद्या मोठ्या वाडीएवढी, दोन हजारांच्या आतली, आणि जुन्या पुस्तकांची दुकानं वीसेक.

हे सगळं एका माणसाच्या डोक्यातून निघालं. रिचर्ड बूथ. त्यानं गावातलं अग्निशामक दलाचं जुनं ठाणं घेतलं आणि तिथं 1962 च्या सुमारास पुस्तकांचं पहिलं दुकान टाकलं. अमेरिकेत ग्रंथालयं बंद पडत होती, तिथली पुस्तकं हा कंटेनर भरभरून आणायचा. मग जुनं सिनेमागृह, जुनी घरं, सगळीकडे पुस्तकं भरत गेली. 1 एप्रिल 1977 ला त्यानं गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि आपल्या घोड्याला पंतप्रधान नेमलं. तारीख बघा. पण वर्तमानपत्रांनी ते छापलं, लोक बघायला आले आणि येतच राहिले. बूथ 2019 साली गेला. आपल्याकडे गावाचं नाव व्हायला देवस्थान तरी लागतं नाहीतर साखर कारखाना. या पठ्ठ्यानं रद्दीवर नाव केलं.

किल्ल्याच्या हिरवळीवर उघड्यावर फळ्या मांडल्या आहेत. दुकानदार नाही, गल्ला नाही. पुस्तक उचलायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. मी पैसे टाकले तेव्हा कुणी बघत नव्हतं, आणि मला बाबांची आठवण झाली ती तिकीट न काढता उतरणाऱ्यांवरून! बाबा, इथं तुमची पेटी आणि तुमचं ‘बोला, कुणाचं राहिलं’ दोन्ही नाही. एवढं असून किल्ल्याच्या देखभालीला त्यातून हातभार लागतो म्हणे.

पण खरं सांगू का, मला भिलार जास्त आवडतं. हे-ऑन-वायमध्ये पुस्तक विकत घ्यायचं असतं. चार पानं उभ्यानं वाचली की आपल्यालाच चोरट्यासारखं वाटायला लागतं. भिलारला माणसांनी आपल्या घरातली खोली दिली. 4 मे 2017 ला ते गाव सुरू झालं तेव्हा पंचवीस घरं आणि पंधराएक हजार पुस्तकं होती, आणि त्याच सुट्टीत बाबा मला घेऊन गेले होते. दहावीचा निकाल लागायचा होता. एका घरात मी कॉटवर आडवी होऊन वाचत पडले, बाबा ओट्यावर त्या घरच्या काकांशी स्ट्रॉबेरीच्या रोपांवर बोलत बसले, आणि काकूंनी न विचारता दोन वेळा चहा आणला. ‘घ्यायचंय का नाही?’ असं कुणी विचारलं नाही. घ्यायचा प्रश्नच नव्हता. राजा, घोडा, प्रसिद्धी सगळं हे-ऑन-वायकडे आहे, पण कॉट नाही.

परत येताना पसरणी घाटात मी बाबांना म्हणाले, मी आर्ट्स घेणार. बाबा काही बोलले नाहीत. वाईच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, “सायन्स घे. पुस्तकं कुठं पळून जात नाहीत, कॉलेजातल्या जागा जातात.” मी सायन्स घेतलं. रडून-भेकून नाही, तुमचं पटलं म्हणून घेतलं, आणि आजही त्याबद्दल तक्रार नाही. पुण्याचं कॉलेज, इथली एमएस्सी, हे सगळं त्या एका वाक्याच्या मागून आलेलं आहे. पुस्तकंही खरंच पळून गेली नाहीत. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा मी दहा पानं वाचूनच झोपायचे. पण मला आठवतं, त्या दिवशी घरी आल्यावर आई भाकरी थापत होती. बाबांनी सगळं सांगितलं. आई म्हणाली, “बघा.” एवढंच, आणि परत तव्याकडे वळली. आई, त्या ‘बघा’च्या पुढं तुझ्या मनात काय होतं?

आता प्रश्न. सप्टेंबरात माझा अभ्यासक्रम संपतो. ब्रिस्टलच्या एका विमा कंपनीनं डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी देऊ केली आहे, वर्षाला 34,000 पौंड. दुसरीकडे कार्डिफमध्येच एका ग्रंथालयात वर्षभराची उमेदवारी आहे. जुन्या संग्रहाची सूची संगणकावर आणायची, म्हणजे माझं शिक्षणही वाया जात नाही. पगार 24,000. या लोकांकडे ग्रंथपाल व्हायचं तर आधी अशी एक-दोन वर्षं काढतात आणि मग शिकायला जातात. अ‍ॅबरिस्टविथला ग्रंथपालांचं कॉलेज 1964 पासून आहे, आता ते तिथल्या विद्यापीठात आहे. त्याच गावात वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे, 1907 साली स्थापन झालेलं. ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेलं कुठलंही पुस्तक कायद्यानं ते मागवून घेऊ शकतं.

हिशेब मांडून देते, म्हणजे बाबांना वे-बिलासारखा तपासता येईल. ब्रिस्टलला भाडं-जेवण जाऊन महिन्याला हजारेक पौंड उरतील. त्यात आपलं बावीस लाखांचं शैक्षणिक कर्ज दोन वर्षांत जवळजवळ फिटतं आणि घरावरचा बोजा उतरतो. ग्रंथालयात महिन्याला चारशे उरतील, म्हणजे हप्ता जाईल आणि वर फार काही राहणार नाही. हप्ता मार्चपासून सुरू होतो. पदवीनंतरचा व्हिसा दोन वर्षांचा मिळतो आणि त्यावर जवळजवळ कुठलंही काम करता येतं. सरकार ती मुदत दीड वर्षावर आणायचं म्हणतंय. त्यापुढं राहायचं तर नोकरी देणाऱ्यानं व्हिसासाठी उभं राहावं लागतं आणि पगाराची अट असते. ग्रंथपालाच्या पगाराला ती सहसा पेलत नाही. म्हणजे हा रस्ता धरला तर मी बहुतेक परत येणार. परत आल्यावर आपल्याकडे ग्रंथपालाला काय मिळतं, ते आपण डोळ्यांनी बघतो.

माझ्याबरोबर राहणारी मुलगी स्वॉन्झीची आहे. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, तू चोवीस वर्षांची, आणि आई-बाबांना कशाला विचारतेस? तिनं कोर्स निवडला, प्रवेश घेतला, मग घरी कळवलं. तिचं तिच्यापाशी. मी वाचते खूप, आणि पुस्तकांनी मला पुष्कळ शहाणपण दिलं असेल, पण बाबांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत हे कुठल्या पुस्तकाला ठाऊक आहे? मी थकले की चिडते आणि चिडले की जेवत नाही, हे तरी कुणी लिहून ठेवलंय? तुम्हाला ते ठाऊक आहे. म्हणून विचारते. मोठी झाले नाही म्हणून विचारते असं तिला वाटत असेल तर वाटू दे.

आणि सल्ला ऐकायची सवय मला तुम्हीच पुस्तकांतून लावलीत. काय वाचायचं ते कधी सांगितलं नाहीत. बाबा म्हणायचे, पन्नास पानं दे, नाही जमलं तर मिटून ठेव, पुस्तकाचा अपमान होत नाही. मुक्कामी गाडीवरून येताना तुमच्या पिशवीत रद्दीतून घेतलेलं काहीतरी असायचंच, कधी मुखपृष्ठ नसलेलं, कधी पहिलं प्रकरण नसलेलं. आईची तऱ्हा वेगळी. दिवाळी अंक शिमग्यापर्यंत पुरवायचे, आणि कादंबरी हातात घेतली की आधी शेवटचं पान वाचायचं. बाईचं बरं होतंय का बघायचं, होत असेल तरच वेळ घालवायचा. बाबा त्यावरून चिडायचे. मला लहानपणी बाबांचं बरोबर वाटायचं. आता वाटतं, दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवून रात्री अर्धा तास मिळणाऱ्या बाईनं तो कशावर घालवायचा हे आधी बघून घेतलं, तर काय बिघडलं?

बाबांना एक गोष्ट नक्की आवडेल. मागं तुम्ही विचारलं होतं, ग्रंथालयात सगळेच फुकट वाचायला लागले तर लेखकानं खायचं काय? याचा या देशानं 1979 साली कायदा केला. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक एकदा वाचायला गेलं की लेखकाच्या नावावर काही पेन्स जमा होतात. पैसे सरकार देतं, वाचकाला तोशीस नाही. एका लेखकाला वर्षाला 6,600 पौंडांच्या वर मिळत नाहीत, म्हणजे बड्यांनीच सगळं खायचं नाही अशीही सोय आहे. असं आपल्याकडे झालं तर वाईच्या टिळक ग्रंथसंग्रहालयातून तुम्ही एकट्यानं किती लेखकांचा चहा काढला असता!

आणखी एक. वेल्सच्या उत्तरेला हार्डन गावात एक ग्रंथालय आहे, तिथं राहायच्या खोल्याही आहेत. ब्रिटनचा माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन, पंचाऐंशीच्या घरात असताना, आपली 32,000 पुस्तकं घरातून तिथं हलवत होता. मदतीला मुलगी आणि एक नोकर, आणि पुस्तकं न्यायला एकचाकी हातगाडी. पाऊण मैल. ज्यांना पुस्तकं परवडत नाहीत त्यांना वाचता यावीत म्हणून. हे वाचलं आणि मला वाटलं, आपल्या माळ्यावरची तुमची खोकी हलवायला कोण येणार, मीच ना? पिंट्या तर पहिल्या फेरीलाच मोबाईल काढून बसेल.

तर आता मला काय हवं ते स्पष्ट लिहिते. माझा कल ग्रंथालयाकडे आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण कर्ज घरावर आहे, माझ्या कलावर नाही. बाबांनी ‘तुला काय वाटतं ते कर’ असं लिहू नये. तो सल्ला नव्हे, सुटका आहे. 2017 साली बोललात तसं एका वाक्यात बोला, मला चालेल. एवढंच सांगा, त्या वेळी पैशाची काळजी नसती तरी तुम्ही सायन्सच म्हणाला असता का?

आईनं मात्र वेगळ्या कागदावर लिहावं, बाबांना न दाखवता. तुमच्या दोघांचं मिळून एक उत्तर आलं की त्यात आवाज बाबांचा असतो आणि सही तुझी. मी ब्रिस्टलला गेले तर तुला बरं वाटेल का? परत वाईला आले आणि वीस हजारांवर काम करायला लागले, तर शेजारच्यांना तू काय सांगशील, आणि ते सांगताना तुला लाज वाटेल की नाही, हेही लिही. खरं लिही. लाज वाटेल असं लिहिलंस तरी मी रागावणार नाही. उलट मला ते आधी कळलेलं बरं.

कंपनीला 10 जुलैपर्यंत कळवायचं आहे. उत्तर पोस्टानं वेळेत यायचं नाही. लिहून झालं की पिंट्यानं दोन्ही कागदांचे फोटो काढून पाठवावेत, आणि आईचा कागद पाठवताना डोळे मिटावेत. त्याच्या अकरावीच्या पुस्तकांचे पैसे पुढच्या आठवड्यात टाकते. पुण्याच्या एका मैत्रिणीचे आई-वडील ऑगस्टमध्ये इकडे येणार आहेत. त्यांच्याबरोबर मेतकूट, सुंठ आणि गेल्या वर्षीचे दिवाळी अंक पाठवा, आईचे वाचून झाले असतील तर.

आजीला साष्टांग नमस्कार. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन पावसाळ्यानंतरच करा.

तुमची,
मनू