चूर्णाच्या डब्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'एका रात्रीत पोट साफ' असे सांगणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती वृत्तपत्रांत नेमाने येतात आणि त्यांचे हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे सत्तरीपुढचा वाचक. घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या आम्हा परिचारिकांना त्या डब्याविषयी, आणि डबा उघडण्याआधी काय काय तपासावे याविषयी लिहायचे आहे. विषय अवघडलेला आहे, पण पत्र मोघम लिहून उपयोग नाही.

रोज सकाळी झालेच पाहिजे, असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातले काहीही निरोगी माणसात चालते. मळ मऊ आहे, कुंथावे लागत नाही, उठल्यावर मोकळे वाटते, मग दिवसाआड होणाऱ्याला बद्धकोष्ठ नाही. उलट रोज जाऊनही शेळीच्या लेंड्यांसारखे खडे पडत असतील तर ते बद्धकोष्ठच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या डॉक्टरांनी १९९७ साली मळाच्या सात प्रकारांचा तक्ता प्रसिद्ध केला, तो आज जगभर वापरतात. सुटे खडे हा पहिला प्रकार, निव्वळ पाणी हा सातवा. हवा तो तिसरा किंवा चौथा, म्हणजे सलग आणि पिकल्या केळ्याइतका मऊ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेला हा आकडा लिहून ठेवला, तर डॉक्टरांना 'पोट साफ होत नाही' या तक्रारीपेक्षा पुष्कळ जास्त कळते.

आता चूर्ण. बहुतेक चूर्णांत काम करते ती सोनामुखी. ती आतड्याला आकुंचन पावायला लावते आणि सहा ते बारा तासांत परिणाम दिसतो, म्हणून रात्री घ्यायची. गडबड पुढे होते. जोराचा डोस मोठे आतडे बरेचसे रिकामे करतो आणि ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी काही झाले नाही तर ते अगदी रास्त आहे. बाहेर पडायला आत काही नाहीच! पण आजोबा घाबरतात, पुन्हा चमचा घेतात, एकाचे दोन होतात. पोटात मुरडा, पातळ जुलाब आणि रक्तातले पोटॅशियम खाली. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ते आणखी घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय कित्येक चूर्णांत सैंधव किंवा पादेलोण असते. जेवणातले मीठ कटाक्षाने कमी करणारा रक्तदाबाचा रुग्ण रात्री चमचाभर मीठमिश्रित चूर्ण घेतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. महिन्याकाठी कोठा साफ करायला एरंडेल घेण्याची जुनी रीतही या वयात नको. सोनामुखी म्हणजे विष नव्हे, हेही सांगायला हवे. ट्रामाडॉल किंवा मॉर्फीनसारखी वेदनाशामके चालू असताना डॉक्टर स्वतःच ती देतात. फरक आहे तो नेमके कारण शोधून देण्यात आणि सवयीने घेण्यात.

कारण बहुधा औषधांच्या पिशवीत सापडते. लोहाची गोळी, कॅल्शियम, रक्तदाबासाठीची व्हेरापामिल, वारंवार लघवीसाठीची सॉलिफेनॅसिन वा ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, जुन्या पिढीच्या सर्दीच्या गोळ्या, अॅल्युमिनियम असलेले अॅसिडिटीचे पातळ औषध: ही सगळी आतडे मंद करतात. दोन-तीन एकत्र आली की झालेच. ती परस्पर बंद करायची नाहीत. पिशवी जशीच्या तशी घेऊन डॉक्टरांसमोर रिकामी करायची आणि 'यातले कोणते बदलता येईल?' असे विचारायचे. थायरॉइड मंदावणे, मधुमेह, पार्किन्सन यांतही बद्धकोष्ठ होते. पार्किन्सनमध्ये तर हात थरथरायच्या कित्येक वर्षे आधीपासून ते असू शकते.

पाणी कमी पडते, कारण वय वाढते तशी तहान कमी लागते आणि रात्री उठावे लागेल म्हणून आजी मुद्दाम कमी पितात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी बंधन घातले नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवा. त्यात ताक, पेज, सार, चहा सगळे धरा. त्यातले बरेचसे संध्याकाळी सहाच्या आत संपवले की रात्रीचा प्रश्न सुटतो.

कवळी बसत नाही म्हणून भाकरी सुटते आणि तिच्या जागी मऊ भात, टोस्ट, खारी, बिस्किटे येतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. दिवसाला लागतात २५ ते ३०. दोन भिजवलेल्या अंजिरांवर ही तूट भरून निघत नाही, कितीही श्रद्धेने खाल्ली तरी. भाकरी आमटीत कुस्करून, पालेभाजी पातळ करून, पपई, शिजवलेला भोपळा, भिजवलेल्या मनुका असे रोजच्या ताटातच ते आणायचे, आणि आठवड्याला थोडे थोडे वाढवत न्यायचे. एकदम वाढवले तर पोट फुगते आणि माणूस सगळेच सोडून देतो.

इसबगोल चांगले, पण आपल्याकडे ते चुकीच्या रीतीने घेतात: अर्धा कप दुधात कालवून, झोपायच्या तोंडावर. इसबगोल पाणी शोषून अनेक पटींनी फुगते. द्रव कमी असेल तर ते अन्ननलिकेतच चिकटून घास अडकल्यासारखे होते आणि आतड्यात गेल्यावर गोळा बनते. चहाचा एक चमचा भुसा २०० ते २५० मिलिलिटर पाण्यात ढवळायचा, घट्ट व्हायच्या आत प्यायचा, वर आणखी एक ग्लास पाणी, आणि नंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवायचे. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, किंवा माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर इसबगोल नकोच. तिथे लॅक्ट्युलोज, किंवा पाण्यात विरघळवून घ्यायची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर बरी. ही औषधे आतड्यात पाणी धरून ठेवतात. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. गिळण्याचा त्रास असेल तर लिक्विड पॅराफिन, म्हणजे पोटात घ्यायचे खनिज तेल, तेही टाळावे. त्याचा थेंब फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियाचे दूधसुद्धा न विचारता देऊ नये.

बसण्याची वेळ आणि पद्धत याकडे तर कोणीच पाहत नाही. पोटात काही गेले की मोठे आतडे हलते, आणि सकाळी ती हालचाल सर्वांत जोरदार असते. म्हणून चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, कळ येवो न येवो, पाच-दहा मिनिटे बसायचे. भारतीय बैठकीत गुदद्वाराजवळचा कोन सरळ होतो, हे खरे. पण गुडघे गेल्यावर कमोड येतो, पाय लोंबकळतात आणि मग कुंथणे सुरू होते. पायाखाली आठ-नऊ इंच उंचीचा, न घसरणारा चौरंग ठेवा. पाट पुरत नाही, तो जेमतेम दोन इंच. कोपरे मांड्यांवर टेकवून थोडे पुढे वाका, तोंडाने श्वास सोडा. खुब्याचा सांधा नुकताच बदललेला असेल तर चौरंग आणि पुढे वाकणे दोन्ही बंद, शल्यविशारद सांगेपर्यंत. उठण्याआधी चौरंग बाजूला सरकवा, भिंतीला आधाराची दांडी लावा, कडी आतून लावू देऊ नका. जोर करून कुंथताना रक्तदाब घसरून संडासातच चक्कर येते.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. अंथरुणाला खिळलेल्या आजींना पाच-सहा दिवस झालेले नसते आणि मग एकाएकी दिवसातून सात-आठ वेळा थोडे थोडे पातळ, दुर्गंधीयुक्त पाणी चादरीवर येते. त्यांना कळतही नाही. घरचे जुलाब समजून लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी देतात. प्रत्यक्षात गुदाशयात कडक गोळा अडकलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. गोळीने आतडे आणखी थंडावते. लघवी थेंबथेंब होणे, ओटीपोट टणक लागणे, एरवी शांत असलेली व्यक्ती अचानक बरळू लागणे, या खुणा सोबत असतील तर आधी हाच संशय घ्यावा. डॉक्टर किंवा परिचारिका बोट घालून तपासतात, मिनिटभराचे काम. उपचार खालून सुरू होतो: डाव्या कुशीवर निजवून ग्लिसरीनची बत्ती, ती मळात न खुपसता कडेला भिंतीला टेकवून, नाहीतर एनिमा. वरून इसबगोल ओतणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी सोडणे. साबणाच्या पाण्याचा एनिमा आतड्याचे अस्तर भाजतो, आणि दुकानात सहज मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असलेल्या वृद्धांत जिवावर बेतू शकतो. घरच्यांनी बोटाने उकरू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मुळीच नाही.

पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली आणि ती तशीच राहिली, रक्त दिसले, वजन उतरले, हिमोग्लोबिन घसरले, तर चूर्ण नको, तपासणी हवी. लोहाच्या गोळीने मळ काळपट-हिरवा होतोच. डांबरासारखा चिकट, उग्र वासाचा काळा मळ मात्र बहुधा जठरातल्या किंवा वरच्या आतड्यातल्या रक्तस्रावाचा असतो. पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि वारासुद्धा सरेनासा झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे मागणे एवढेच. अशा चूर्णांची जाहिरात स्वीकारताना त्यात सोनामुखी किती आणि मीठ किती, हे वाचता येईल अशा टाइपात छापायला सांगावे, आणि खाली 'सात दिवसांहून अधिक लागत असल्यास डॉक्टरांना दाखवा' ही ओळ घालून घ्यावी.

आपल्या नम्र,
गृहशुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिका, सातारा