डॉक्टरकाका, त्या पाठकोऱ्या कागदाबद्दल

आदरणीय डॉक्टरकाका,
साष्टांग नमस्कार.

लेकीला आयोवातल्या एम्स गावच्या व्हेटर्नरी कॉलेजात प्रवेश मिळाला हे तुम्हाला फोनवर सांगताना मला रडूच फुटलं आणि आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण चार वर्षांपूर्वी आमच्या घरात जे चाललं होतं, ते आज अमेरिकेतल्या आणखीही मराठी घरांत चालू असणार.

आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली, की मूल थेट बी.व्ही.एस्सी.ला जातं. तुम्हीही परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात बारावीनंतरच गेलात. इथे बहुतेक मुलं आधी पदवी घेतात आणि मग चार वर्षांचं डी.व्ही.एम., म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण, हे कळल्यावर मी ठरवूनच टाकलं, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बायोलॉजीच. शाळेतल्या सल्लागारांनीही सांगितलं, दुसरं काही घेतलं तर विसरा. पोरीचा जीव मात्र स्टॅटिस्टिक्समध्ये. महिनाभर घरात कुणी धड जेवलं नाही.

तुम्ही रविवारी आलात. चहा निवत ठेवून किराणाच्या बिलाचा पाठकोरा कागद घेतलात आणि मधोमध उभी रेघ मारलीत. डावीकडे भराभर लिहिलंत: बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, जेनेटिक्स, स्टॅटिस्टिक्स. उजवी बाजू कोरीच ठेवलीत. म्हणालात, "अमुकच मेजर हवं असं ही कॉलेजं म्हणत नाहीत. डावीकडचं पुरं कर. उजवीकडे तुझं तू लिही." आणि मग तिला विचारलंत, "समज, प्रवेश नाहीच मिळाला. या पदवीवर काय करायला आवडेल तुला?" तिच्याकडे उत्तर तयार होतं. मी आई असून मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

एम्समध्ये जनावरं आणि आकडे किती जुने सोबती आहेत, हेही त्या दिवशी कळलं. स्टॅटिस्टिक्सवाले जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३३ मध्ये उभी केलेली स्टॅटिस्टिकल लॅबोरेटरी, त्याच काळात तिथेच जनावरांच्या पैदाशीचं गणित मांडणारे जे लश. आणि २०१५ चा बर्ड फ्लू, ज्यात एकट्या आयोवात ३ कोटींहून जास्त कोंबड्या-टर्की गेल्या. रोग कुठून कुठे सरकतोय हे आकड्यांतूनच शोधावं लागतं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

सोपं नव्हतं. स्टॅटिस्टिक्सच्या पदवीत ऑरगॅनिक येत नाही. ती लॅबसकट वेगळी घ्यावी लागली, त्यात सी ग्रेड आली, आणि मी पुन्हा बायोलॉजीचं पालुपद सुरू केलं. तुम्ही माझ्याशी जराही आवाज न चढवता समजावलंत की बरीच कॉलेजं शेवटच्या ४५ क्रेडिटचे, म्हणजे साधारण शेवटच्या तीन सेमिस्टरचे, गुण वेगळे बघतात, अजून वेळ आहे.

आणि ती फेब्रुवारीची रात्र. अडलेली गाय, उणे तापमान, आणि तुम्ही तिला सोबत नेलंत. पहाटे घरी आली ती कोपरापर्यंत आयोडीनने पिवळी. झोपायचं सोडून माझाच हात धरून दाखवायला लागली, "आई, आत काही दिसत नाही, पाय हाताने ओळखायचा. खुराकडून वरचे दोन्ही सांधे एकाच दिशेला वळले तर पुढचा, उलटसुलट वळले तर मागचा." वासरू मागच्या पायांनी येत होतं. जगलं. तुमच्या हाताखालचा प्रत्येक तास वहीत लिहायची सवयही तुम्हीच लावलीत. जनावरांत घालवलेला वेळ निराळा मोजतात आणि डॉक्टरांसोबतचा निराळा, हे आम्हाला कुठलं ठाऊक?

शिफारसपत्र तुम्ही मुदतीच्या तीन आठवडे आधी पाठवलंत. त्यात काय लिहिलंत ते आम्ही वाचलेलं नाही, वाचायचंही नाही.

तो कागद अजून तिच्या टेबलावर आहे. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होतंय. त्याआधी काकूंना घेऊन जेवायला या. पुरण मी आदल्या रात्रीच घालून ठेवते.

आपली,
तुमच्या विद्यार्थिनीची आई